टोचीची दुहेरी

टोचीला माणसांचा तिटकारा होता असं म्हणणं अन्यायाचं होईल. तिला माणसं चालत. फक्त ती टेनिसच्या जाळीच्या तिच्या बाजूला उभी नसली म्हणजे झालं. हे चालवून घेणंही तिला फार उशिरा जमलं. जन्मानं मिळालं होतं ते नाक. सरळ, टोकदार आणि कायम थोडं वर, जणू खोलीत कुणाचे तरी मोजे वाळत पडलेत. शाळेतल्या मुलींनी तिला टोची म्हणायला सुरुवात केली ती नाकामुळे की जिभेमुळे, यावर दोन मतं होती. नाव मात्र चिकटलं. पुढे सामन्यांच्या तक्त्यावर तिचं खरं नाव छापून येऊ लागलं तेव्हाही मागून हाक यायची ती 'टोची' अशीच.

तिचे वडील चष्म्याचे दुकानदार. लोकांना नीट दिसावं हा त्यांचा धंदा, आणि जगात कुणालाच काही नीट दिसत नाही हा त्यांचा ठाम विश्वास. तरुणपणी ते क्लबात टेनिस खेळत. दुसऱ्या फेरीपुढे कधी गेले नाहीत, पण त्या हरण्यात त्यांचा स्वतःचा वाटा शून्य होता. कधी पंच आंधळा, कधी कोर्ट वाकडं, कधी समोरचा माणूस खेळायच्या लायकीचाच नव्हता म्हणून त्याच्याशी खेळताना यांची लय गेली. मुलगी सात वर्षांची झाली तसं त्यांनी दुकानाचं शटर संध्याकाळी पाचला ओढायला सुरुवात केली आणि तिला कोर्टावर उभी केली. ते ओरडत नसत. मारणं तर दूरच. बाकावर बसून ते फक्त जिभेनं आवाज काढत. च्च. चेंडू बाहेर गेला की च्च. जाळीत गेला की च्च. आत पडला पण ऐटीत नाही पडला, तरी च्च.

"अहो, पोरगी आहे ती, काचेची भिंगं नव्हे," आई एकदा म्हणाली. आई दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसणाऱ्या त्या बाईला चुका शोधण्याचा पगार मिळायचा, त्यामुळे घरी आल्यावर ती फुकट चुका शोधत नसे.

"मी काय बोललो तिला?" वडील म्हणाले. खरंच काही बोलले नव्हते.

टोची तेविसाव्या वर्षापर्यंत एकेरी खेळली. जिथे उपान्त्य फेरीला पोहोचलं की टॉवेल मिळतो आणि अंतिम फेरी जिंकली की दोन टॉवेल मिळतात, अशा गावांतून तिनं पाच वर्षं काढली. क्रमवारीत तिचा नंबर तीनशेच्या आसपास घुटमळायचा. पाय जड होते, सर्व्हिस सामान्य होती. समोरची मुलगी कशी चुकतेय हे तिला इतकं स्पष्ट दिसायचं, की ते बघण्यातच तिचा स्वतःचा फटका उशिरा बसायचा. हरून जाळीशी हात मिळवताना ती जिंकलेल्या मुलीकडे अशी बघायची, की त्या बिचारीला आपण काहीतरी चोरलंय असं वाटावं.

दुहेरीत ती आली ती दुसरीच्या पोटामुळे. अशाच एका गावी पहिल्या फेरीत हरून ती बॅग भरत होती. परतीची गाडी दुसऱ्या दिवशीची होती. तेवढ्यात स्पर्धेचे व्यवस्थापक कागद फडकावत आले. एका जोडीतली मुलगी काहीतरी शिळं खाऊन आडवी झाली होती. "कुणी आहे का? नुसतं उभं राहिलं तरी चालेल."

"नुसतं उभं राहायला मी काय खांब आहे?" टोची म्हणाली आणि बूट घातले.

त्या संध्याकाळी जाळीपाशी उभी राहिल्यावर तिला एक गोष्ट कळली. इथे पळावं लागत नाही. इथे ओळखावं लागतं. समोरच्या बाईचा खांदा किती वळतो, मनगट कधी सैल पडतं, घाबरली की ती कुठे मारते, हे टोचीला चेंडू सुटायच्या आधी दिसायचं. आजवर जो दुर्गुण म्हणून तिच्या मुळावर आला होता, तोच इथे कामाचा निघाला. दुसऱ्याची चूक आधी बघायची, आणि ती व्हायच्या ठिकाणी रॅकेट धरून वाट बघायची. ती उसनी जोडी तीन दिवसांत स्पर्धा जिंकली.

तिनं घरी फोन केला. "बाबा, जिंकले मी."

"हो?" पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "कितवं मानांकन होतं तिचं?"

"दुहेरीत, बाबा."

"अच्छा. दुहेरीत. म्हणजे दोघींत मिळून एक खेळाडू. बरं. आणि एकेरीत काय झालं?"

पुढच्या चार वर्षांत टोचीनं सात जोडीदारणी संपवल्या. त्यांच्याबद्दल विचारलं तर ती दोन बोटं हवेत अशी हलवायची, जणू ताटावरची माशी. एक सतत देवाचं नाव घ्यायची. टोचीच्या मते देवालाही तिचा बॅकहँड सुधारता आला नसता. एक हरल्यावर रडायची, आणि त्याहून वाईट म्हणजे जिंकल्यावरही रडायची. एकीचा नवरा प्रत्येक सामन्याला येऊन मागून सूचना द्यायचा, तेव्हा टोचीनं सामना थांबवून पंचांना विचारलं होतं, "तिघांची परवानगी आहे का?" सातव्या मुलीनं तर जाताना चिठ्ठी ठेवली. तीत एवढंच लिहिलं होतं: 'मी पोहायला शिकणार आहे.'

मग आली जिराफ.

जिराफ हे नाव टोचीनंच ठेवलं. सहा फुटांना दोन बोटं कमी, लांब मान, मोठे झोपाळू डोळे आणि चालण्यात कुठेही पोहोचायची घाई नाही. ती रोपवाटिकावाल्याची मुलगी होती. हॉटेलात उतरली की ती आधी बूट काढायची, मग खिडकी उघडायची, मग दात घासायच्या ग्लासात कसलं तरी बी भिजत घालायची. मोजे धुऊन दिव्यावर वाळत टाकायची. अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री बाळासारखी गाढ झोपायची. पहिल्या महिन्यात टोचीनं तिच्याबद्दल प्रशिक्षकांना सांगितलं, "सर, हिला किल्ली द्यावी लागते. मागे कुठे भोक आहे का बघा."

"तिची सर्व्हिस बघितलीस?" सर म्हणाले.

सर्व्हिस टोचीनं बघितली होती. त्या उंचीवरून चेंडू यायचा तो माडावरून नारळ पडावा तसा. समोरची बाई तो कसाबसा परतवायची आणि जाळीपाशी टोची तो उचलून अशा जागी ठेवायची, की जिथे कुणी नसे. जिराफ डाव्या बाजूला, टोची उजव्या. बघणाऱ्याला वाटावं, एक बाई झाड हलवतेय आणि दुसरी फळं गोळा करतेय.

जिराफमध्ये एक खोट होती, आणि ती टोचीला दुसऱ्याच आठवड्यात दिसली. जाळीपाशी असताना तिच्या उजव्या कमरेवर जोरात चेंडू आला, की तिचं कोपर अंगाला चिकटायचं आणि डोळे मिटायचे. क्षणभरच, पण चेंडूला क्षणभर पुरतो. लहानपणी कुंपणाची तार लागून तिथे मोठी जखम झाली होती. जखम भरली, अंग मात्र ते विसरलं नव्हतं. टोचीनं ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. सरांनाही नाही, जिराफलाही नाही. तिनं फक्त अर्धं पाऊल डावीकडे सरकून उभं राहायला सुरुवात केली. जिराफच्या कमरेकडे निघालेला चेंडू वाटेतच तिच्या रॅकेटला भेटायचा. सहा वर्षं ती अशी उभी राहिली. टीव्हीवर बोलणारे तज्ज्ञ म्हणायचे, ही उजवीकडची बाई फार अधाशी आहे, जोडीदारणीचे चेंडूही खाते. टोचीनं त्यांना ते खुशाल म्हणू दिलं. तज्ज्ञ लोकांविषयी तिचं मत आधीच ठरलेलं होतं.

आता दोघींच्या कमाईचं. सहा वर्षांत लहान-मोठ्या एकोणीस स्पर्धा, आणि त्यांत जगातल्या सर्वांत मोठ्या म्हणतात त्यांपैकी दोन. ऐकायला भारी वाटतं. प्रत्यक्षात पहिला मोठा करंडक त्यांनी उचलला तेव्हा बघायला जेमतेम तीनशे माणसं होती. त्याआधी एकेरीचा अंतिम सामना होता. तो संपला तशी पंधरा हजार माणसं उठली आणि खायला गेली. कोर्टावर दोघी जग जिंकत होत्या आणि वरच्या रांगांतून सफाईवाले मोठ्या पिशव्या घेऊन रिकामे पेले गोळा करत होते. पत्रकार परिषदेला एकच पत्रकार आला. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "एकेरीच्या विजेतीच्या खांद्याची दुखापत तुम्हाला कितपत गंभीर वाटते?"

"तिचा खांदा ठीक आहे," टोची म्हणाली. "गंभीर आहे ते तुमचं डोकं."

जिराफ शेजारी बसून करंडकाच्या कानात बोट घालून तो खरा आहे का ते बघत होती.

घरी परतल्यावर गल्लीनं सत्कार ठेवला. सत्काराच्या फलकावर टोचीचा फोटो होता आणि कोपऱ्यात, शोभेसाठी, बॅडमिंटनचं फूल. शेजारच्या काकूंनी पुष्पगुच्छ देताना कौतुकानं विचारलं, "दमत नाहीस का गं एवढ्या उड्या मारून?" टोचीनं नाक आणखी अर्धा इंच वर नेलं. वडील पहिल्या रांगेत बसले होते. भाषणं संपल्यावर ते जवळ आले, तिचा खांदा थोपटला आणि हळूच म्हणाले, "छान झालं. दुसरीची सर्व्हिस चांगली आहे हं."

दुसरा मोठा करंडक तीन वर्षांनी आला. तो जिंकल्यावर बरोबर बाराव्या दिवशी, पुढच्या स्पर्धेच्या गावी, हॉटेलच्या तळघरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत जिराफनं जोडी मोडली. यंत्र गरगरत होतं. जिराफ अनवाणी, टेबलावर बसून पाय हलवत होती. टोची मोज्यांच्या जोड्या लावत होती.

"पुढच्या हंगामात मी दुसऱ्या मुलीबरोबर खेळणार आहे," जिराफ म्हणाली.

टोचीला आधी वाटलं ही काहीतरी विनोद करतेय, आणि जिराफला विनोद जमत नाही म्हणून तो असा लागलाय. "कुणाबरोबर?"

"ती च्युइंगम खाणारी."

"ती? तिला स्वतःच्या बुटाची नाडी बांधता येत नाही!"

"नसेल येत. पण ती आवाज करत नाही."

"कसला आवाज?"

जिराफनं पाय हलवायचे थांबवले. मग तिनं जिभेनं तो आवाज काढून दाखवला. च्च. "माझा चेंडू बाहेर गेला की तू हे करतेस. दर वेळी. सहा वर्षं. जिंकत असलो तरी. आधी मला वाटायचं सवय होईल. आता मी चेंडू मारायच्या आधीच तो ऐकू येतो. परवा घरी हातातून कप पडला तेव्हाही आला. तू तिथे नव्हतीस."

"मी असलं काही करत नाही," टोची म्हणाली. आणि हे ती मनापासून म्हणाली.

"बघ मग जुने सामने."

"मला काय धंदा नाही?"

त्या दोघी पहिल्यापासून एकमेकींना अगं-तुगं करत असल्यामुळे भांडण एकेरीवर यायची सोयच नव्हती. ते सरळ बापांवर गेलं. "रोपं विकणाऱ्याची पोर तू," टोची म्हणाली. "मी नसते तर आज मातीच्या पिशव्या भरत बसली असतीस."

"असते," जिराफ म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, हेच टोचीला जास्त लागलं. "आणि तू तुझ्या बाबांची आहेस. एकदा दुकानात आले होते ना मी तुझ्याबरोबर, तेव्हा ऐकलाय मी त्यांचाही आवाज. डोळ्यांना चष्मा लावून बघणाऱ्या आजींना ते हेच करत होते. च्च."

यंत्र थांबलं. जिराफनं आपले ओले कपडे काढले आणि पायऱ्या चढून गेली. टोचीच्या हातात एक मोजा उरला. तो जिराफचा होता. टोचीनं तो कचऱ्याच्या डब्यात टाकला.

पुढच्या हंगामात टोचीनं एक नवी जोडीदारीण धरली, जिचं वर्णन करायचीही तिला गरज वाटली नाही. आणि एका उपउपान्त्य सामन्यात तक्त्यानं दोन्ही जोड्यांना समोरासमोर आणलं. जाळीपलीकडे डाव्या बाजूला जिराफ, उजव्या बाजूला च्युइंगम चघळणारी ती एकोणीस वर्षांची मुलगी. तिला कुठे उभं राहायचं ते ठाऊक नव्हतं. ती पांढऱ्या रेषेजवळ मोकळ्या जागेत उभी होती, आणि जिराफची उजवी कंबर उघडी होती.

टोचीनं पहिला चेंडू तिथे मारला. जिराफचे डोळे मिटले, कोपर चिकटलं, चेंडू अंगावर बसला. टोचीनं दुसराही तिथेच मारला. मग मात्र ती थांबली नाही. मोकळं कोर्ट समोर असताना, दुसरीकडे मारून सहज गुण मिळत असतानाही, ती त्याच कमरेवर मारत राहिली. स्वतःच्या जोडीदारणीला म्हणाली, "तिकडेच मार. डोकं चालवू नकोस, तुझ्याकडे ते नाही." दुसऱ्या सेटच्या मध्यावर जिराफनं एकदाच तिच्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या बघण्यात. कळलं होतं तिला. आपली कंबर हिला पहिल्यापासून माहीत होती, आणि आपण सहा वर्षं जिला अधाशी समजत होतो ती तिथे का उभी राहायची, हे तिला त्या क्षणी, त्या पद्धतीनं कळलं.

सहा-दोन, सहा-एक. टाळ्या वाजवणारे लोक टाळ्या वाजवायच्या आधी एकमेकांकडे बघत होते. जाळीशी जिराफनं हात पुढे केला आणि म्हणाली, "छान खेळलीस." नंतर कपडे बदलायच्या खोलीत ती पाठमोरी उभी होती तेव्हा टोचीला तिच्या कमरेवरचा डाग दिसला. वाटीएवढा, कडेला जांभळा. टोचीनं बूट शोधायचं निमित्त करून बाकाखाली डोकं घातलं.

दुसऱ्याच दिवशी ती पुढचा सामना हरली, पण ते महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं हे, की त्या उपउपान्त्य सामन्याला बाकांवर इतर जोड्यांचे प्रशिक्षक वह्या घेऊन बसले होते. आजवर झाकलेली गोष्ट टोचीनं तासाभरात सगळ्यांना उघडून दाखवली होती. पुढच्या गावी जिराफच्या कमरेवर सगळ्यांनी मारलं. त्याच्या पुढच्या गावीही. च्युइंगमवाली दुसरीकडे गेली. दहा महिन्यांनी तक्त्यांवरून जिराफचं नाव नाहीसं झालं, आणि कुणी विचारलंही नाही, कारण दुहेरीतल्या बायकांबद्दल कुणी विचारत नसतं.

टोचीनं स्वतःची समजूत घातली: कच्ची होती, टिकली नाही. कच्च्या माणसांबद्दल वाईट वाटून घ्यायची तिच्या घरात पद्धत नव्हती.

छत्तिसाव्या वर्षी कोपर गेलं आणि टोचीनं खेळ सोडला. जिराफ गेल्यानंतर एकही मोठी स्पर्धा तिच्या वाट्याला आली नव्हती. शहरातल्या क्लबानं तिला शिकवायला ठेवलं. शिकायला येणारे म्हणजे पन्नाशीतली जोडपी. एक दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको, दोन बँकवाले, एक निवृत्त बाई जी प्रत्येक चेंडूला 'अगं बाई' म्हणायची. टोची त्यांच्याकडे दुकानात उघडी पडलेली मिठाई बघावी तशी बघायची. "तुम्ही तिथे का उभे आहात?" ती डॉक्टरांना विचारायची. "कुणाची वाट बघताय का?" डॉक्टर खूश होऊन हसायचे. पैसे भरून अपमान करून घेण्यात एक गंमत असते, आणि ती त्या क्लबात चांगलीच खपायची.

पावसाळी दिवसांत कोर्ट ओलं असलं की ती त्यांना आत बसवून जुने सामने दाखवायची. एका सकाळी तिनं आपलाच सामना लावला, दुसऱ्या मोठ्या करंडकाचा. आजवर तिनं तो कधी पाहिला नव्हता. आपण जिंकलेलं आपल्याला माहीत असताना परत काय बघायचं? पण जाळीपाशी पाय कसे ठेवावेत ते दाखवायला तो बरा होता. तिनं आवाज मोठा केला, म्हणजे बूट कसे घासतात ते ऐकू यावं.

तिसऱ्या मिनिटाला जिराफचा एक चेंडू बाहेर गेला. पडद्यावरून स्पष्ट आवाज आला. च्च.

कुणाच्या लक्षात आलं नाही. मग पुन्हा आला. मग पुन्हा.

"मॅडम, पाल चुकचुकतेय का हो कुठे?" डॉक्टरांनी छताकडे बघत विचारलं.

"अगं बाई," निवृत्त बाई म्हणाली आणि पाय वर घेतले.

टोची रिमोट धरून उभी होती. तो आवाज वडिलांचा होता. अगदी तोच, तेवढाच लांब, शेवटी तसाच तुटणारा, फक्त तो तिच्या तोंडून येत होता. आणि प्रत्येक आवाजाला जिराफचा डावा खांदा किंचित आत जायचा, कुणी मागून थंड बोट लावावं तसा. त्याच पडद्यावर, त्याच मिनिटात, टोचीला स्वतःचे पायही दिसत होते. अर्धं पाऊल डावीकडे. चेंडू कमरेकडे निघाला, तिनं वाटेत घेतला. दिसला तेवढ्या सामन्यात एकदाही चेंडू जिराफच्या कमरेपर्यंत पोहोचला नाही. दोन्ही गोष्टी एकच बाई करत होती. आयुष्यभर दुसऱ्यांकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर त्या सकाळी टोचीनं पडद्यावरच्या त्या नाकाकडे वळवली, आणि तिला जे दिसलं त्याची तिला शिसारी आली.

"आज इथेच थांबू," ती म्हणाली.

"पण कोण जिंकलं?" बँकवाल्यानं विचारलं.

जिराफच्या घरची रोपवाटिका शहराबाहेर, तीन तासांच्या रस्त्यावर होती. टोची दुसऱ्या दिवशी न कळवता गेली. बसचालक, रस्ता, फाट्यावरची पाटी, सगळ्यांत तिनं वाटेत खोट काढली. सवय एका दिवसात जात नाही. जिराफ शेडखाली, गुडघ्यापर्यंत चिखलाचे बूट घालून, पिशव्यांत माती भरत होती. केसांत थोडी पांढरी झाक होती. तिनं वर पाहिलं, आश्चर्य दाखवायचे कष्ट घेतले नाहीत.

"तू होय. बस. त्या पालथ्या कुंडीवर बसू नकोस, तडा आहे."

टोची उभीच राहिली. वाटेत तिनं वाक्य जुळवलं होतं ते आता ऐनवेळी ठिकाणावर नव्हतं. "मी तो आवाज ऐकला," ती म्हणाली.

"बरं."

"आणि त्या सामन्यात मी जे केलं, कमरेचं. ते मी जिंकण्यासाठी नव्हतं केलं. जिंकलेच असते मी तशीही."

"माहितीये," जिराफ म्हणाली. "मीच समोर होते ना." तिनं पिशवीचं तोंड बांधलं. "वर्षभर मार खाल्ला मग. सगळ्यांकडून. कपडे घालताना पण दुखायचं. एक दिवस म्हटलं, पुरे."

"माझं चुकलं."

"हो."

एवढंच. टोची वाट बघत राहिली. जिराफनं दुसरी पिशवी ओढली.

"माफ-बिफ मी काही करणार नाहीये," जिराफ म्हणाली. "मनात येत नाही, तर कुठून आणू? रागही नाही तसा. मला एकच कधीकधी वाटायचं, की तू मला आधी सांगायला हवं होतंस. कमरेचं. शिकले असते मी. तू झाकत बसलीस. तुला वाटलं हिला काय सांगायचं, हिला काय जमणार."

हे टोचीच्या ध्यानीमनी नव्हतं. त्या सहा वर्षांतली तेवढी एक गोष्ट आपण चांगली केली, असं ती कालपासून धरून बसली होती. जिराफनं तीही उलटी करून खालची बाजू दाखवली, आणि खालच्या बाजूलाही तेच नाक होतं.

तिनं बूट काढले, पँट दुमडली आणि जिराफच्या समोर बसून पिशव्या भरायला लागली. जिराफनं नको म्हटलं नाही. मग एक गिऱ्हाईक आलं, इस्त्रीचा शर्ट, हातात गाडीची किल्ली. त्याला दिवाणखान्यासाठी उंच झाड हवं होतं, पण ऊन नको, पाणी फार घालायला वेळ नाही, आणि पानं गळता कामा नयेत. जिराफनं शांतपणे एक दाखवलं. दोघींनी ती जड कुंडी दोन बाजूंनी उचलून गाडीत ठेवली.

"या तुमच्या बहीण का?" गिऱ्हाइकानं विचारलं.

"नाही," जिराफ म्हणाली. "आम्ही एकत्र कामाला होतो."

गाडी फाटकाबाहेर पडली. जिराफ हात झटकत तिच्याकडे बघत होती. "पंधरा दिवस," ती म्हणाली. "पंधराव्या दिवशी हा त्याचा सांगाडा घेऊन येणार आणि मलाच विचारणार, झाड खराब होतं का म्हणून. शर्टाला इस्त्री आहे, अकलेला नाही."

टोचीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. सहा वर्षं एका खोलीत झोपून तिला हिच्या तोंडून असं वाक्य कधी ऐकायला मिळालं नव्हतं. तिला हसू फुटलं, आणि ते आवरेना. जिराफ हसली नाही, पण तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला.

"सोमवारी खताची गाडी येते," जिराफ मातीकडे परत जात म्हणाली. "उतरवायला माणूस मिळत नाही. यायचं असेल तर फोन करून येत जा, अशी टपकू नकोस."

क्लबाला सोमवारी सुट्टी असते. त्या पहिल्या भेटीला आता दोन वर्षं होत आली. टोची बहुतेक सोमवारी जाते, खत उतरवते, गिऱ्हाइकांना घाबरवते. टेनिसबद्दल दोघी बोलत नाहीत. जिराफनं अजून तिला माफ केलेलं नाही आणि टोचीनं परत तो विषय काढलेला नाही. वडिलांनी मध्ये एकदा विचारलं, नखांत माती कसली, आणि तिनं कुठे जाते ते सांगितलं. ते काही बोलणार एवढ्यात ती म्हणाली, "बाबा, आवाज काढायचा असेल तर मी बाहेर जाते." म्हातारबुवांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि कसला आवाज, असं त्यांनी मनापासून विचारलं.